बोन्सायसाठी मागचं अंगण: आधी सावली मोजली, मग स्टँड केले

आमचं घर पुण्यातलं, जुनं, बैठं, आणि मागचं अंगण उत्तरेला. बोन्साय मात्र घरभर, काही गच्चीत, काही जिन्यात, दोन-तीन तर वॉशिंग मशीनच्या शेजारी. सगळी मागच्या अंगणात आणायची ठरलं तेव्हा घरात प्रत्येकाचं एकच मत, किचनच्या खिडकीखाली घराच्या भिंतीला लागून मांड, येता-जाता दिसतील. दिसली असती छानच, पण झाडांना ऊन लागतं आणि ते कुठे किती पडतं हे कुणीच सांगेना. म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी मी घराच्या सावलीची कड रांगोळीने आखत बसले. सासूबाई म्हणाल्या, "अगं दिवाळी होऊन गेली की, आत्ता कसली रांगोळी?"

पण त्या रेघांनी सगळा प्लॅनच फिरवला. आमचं घर कठड्यासकट चौदा फूट उंच, अंगण वीस फूट खोल. सकाळी नऊला सावली जवळजवळ मागच्या कंपाउंडला टेकलेली, दहाला कंपाउंडकडचे पाचेक फूट मोकळे, आणि भर दुपारीसुद्धा घराकडचे साडेबारा फूट अंधारातच. कारण डिसेंबरात पुण्यात सूर्य दुपारीही ४८ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणजे घराच्या उंचीपेक्षा थोडीशीच कमी सावली. खिडकीखाली वड-उंबर ठेवले असते तर जवळजवळ सहा महिने उन्हाचं तोंड दिसलं नसतं. मेमध्ये बरोब्बर उलटं. मेच्या मध्याला इथे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर, आणि तिथून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो, म्हणजे उत्तरेच्या अंगणाला घराची काही सावली वगैरे मिळत नाही, सगळं डोक्यावर.

जपानमधल्या ओमियाचं तेव्हा आठवलं. १९२३च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले तिकडे जाऊन वसले आणि त्यांनी गावाचे नियमच केले, घरात निदान दहा बोन्साय हवेत, कुंपण झाडांचं हवं, आणि घर दुमजली बांधायचं नाही. त्यातला तिसरा नियम मला रांगोळीच्या रेघा बघूनच नीट पटला.

तर जागा ठरली मागच्या भिंतीकडची सात फुटांची पट्टी. कपडे वाळत घालायची दोरी तिथेच होती, त्यावरून जे काय झालं ते लिहीत नाही, दोरी आता गच्चीत आहे.

स्टँडसाठी आधी सगळ्यांसारखी पायऱ्यापायऱ्यांची मांडणी डोक्यात होती, नर्सरीत असते तशी. फोटोत भरगच्च दिसते, पण मागच्या रांगेपर्यंत हात पोचत नाही, वरच्या कुंडीचं पाणी खालच्या झाडावर गळतं आणि झाड दर पंधरवड्याला फिरवायचं म्हटलं की पुढची चार उचला. म्हणून एकच सरळ लांब बाक, कंबरेएवढा उंच, भिंतीपासून दीड फूट पुढे म्हणजे मागूनही जाता येतं, वारा खेळतो आणि दिवसभर तापलेल्या भिंतीची धग थेट लागत नाही. सांगाडा दीड इंची चौकोनी लोखंडी पाइपचा. वेल्डरमामा म्हणाले, "ताई, कुंड्याच ठेवायच्या ना, एवढे पाय कशाला?" मी त्यांना पाणी घातलेला मोठा वडाचा ट्रे उचलायला लावला, मग त्यांनीच दर चार फुटांवर पाय टाकले. वरती कडप्पा टाकायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला, पण तो एप्रिलात तव्यासारखा तापतो आणि खालून मुळं भाजतात. वाडे पाडतात तिथलं जुनं सागवान मिळालं, त्याच्या पट्ट्या मध्ये इंचभर फट ठेवून बसवल्या, पाणी खाली निघून जातं. पायांना खाली ग्रीसचा पट्टा, कारण मुंग्या चढल्या की पाठोपाठ मिलीबग, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड, येतेच. पाण्याच्या वाट्या नको, डासांची पैदास कोण करणार.

सगळी झाडं बाकावर एका उंचीला ठेवली तर दुकान वाटतं. त्यामुळे चांगली तीन झाडं वेगळी काढली आणि विटांचे सुटे खांब करून वर शहाबादी फरशीचा तुकडा बसवला. खाली झुकणाऱ्या बोगनवेलीला सगळ्यात उंच खांब, कारण तिचं सौंदर्य कुंडीच्या खाली आहे. बाकीच्यांना एवढंच बघितलं की उभं राहिल्यावर नजर साधारण खोडाच्या मध्यावर यावी. भिंत पांढरी होती ती फिकट राखाडी केली, पांढऱ्यावर उन्हात डोळे दिपतात आणि पानांची कड दिसतच नाही.

मग कोण कुठे. वड, उंबर, नांदरुक, चिंच पूर्ण उन्हात मधोमध. जुनिपर, म्हणजे थंड हवेतलं झाड, पूर्वेच्या टोकाला, तिथे शेडनेटचा एक तुकडा दुपारनंतरच्या उन्हाला आडवा लावलाय, पुण्याच्या उन्हाळ्यात त्याला जगवणं हीच मोठी गोष्ट, मी तर नवीन घेणाऱ्यांना घेऊच नका सांगते. पश्चिमेला शेजाऱ्यांचा आंबा आहे, सावली फुकट मिळते पण मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा खाली पडतो आणि पानं काळी होतात, म्हणून त्या टोकाला धुवायला सोपी जाड पानांचीच झाडं. हातभर उंचीच्या आतली पिल्लं ओल्या वाळूच्या ट्रेमध्ये एकत्र, नाहीतर मेमध्ये सकाळी दिलेलं पाणी दुपारपर्यंत संपतं. बाकाच्या वरची पन्नास टक्के ऊन अडवणारी ग्रीन नेट तारेवर कड्यांनी लावली, पडद्यासारखी सरकते, पाऊस सुरू झाला की गुंडाळून टाकायची. जेड आणि अडेनियम मात्र जूनमध्ये घराच्या छपराच्या कडेखाली, नाहीतर कुजतात.

नळाचं सोपं, पाइप ओढून बाकापर्यंत आणला. बोअरचं पाणी देत नाही, त्याने कुंड्यांवर पांढरे थर बसतात, कॉर्पोरेशनचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवते.

"खुंटलेली झाडं घरात ठेवू नयेत" म्हणणारे नातेवाईक येऊन बघून गेले, फोटोही काढून नेले. आणि वटपौर्णिमेला गल्लीतल्या बायकांनी विचारलं, फांद्या तोडण्यापेक्षा तुझ्या वडाचीच पूजा केली तर? चालेल म्हटलं, पण दूध आणि हळदकुंकू कुंडीत नाही, बाजूच्या ताम्हनात, सूत सैल गुंडाळायचं आणि संध्याकाळी मी काढून टाकणार. आणि फेऱ्या मारायला बाकामागून दीड फूटच जागा आहे, एकेकीनेच जायचं.