तुम्ही विचारलंत म्हणून : वादळाची वाट कळते, मग जोर का कळत नाही?

"सर, वादळ कुठे धडकणार हे तीन-चार दिवस आधी सांगतात. मग किती जोरात धडकणार, त्याचे आकडे रोज का बदलतात?" मी जळगावात भौतिकशास्त्र शिकवतो आणि समुद्र व हवा यांच्यातली देवाणघेवाण हा माझा अभ्यासाचा विषय आहे, त्यामुळे रावेर-यावलकडचे केळीवाले मे-जूनमध्ये हे मला हमखास विचारतात. बाग निसवलेली असते, घडांच्या ओझ्याने झाडं आधीच वाकलेली असतात. अशा वेळी वारा ताशी 60 ने येणार की 90 ने, यावर वर्षाची कमाई ठरते. प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वाट सांगणं त्या मानाने सोपं. वादळाला भोवतालचे मोठे वारे वाहून नेतात, आणि शेकडो किलोमीटर पसरलेले ते वारे उपग्रहांना बऱ्यापैकी दिसतात. जोर मात्र बराचसा ठरतो तो पाण्यालगतच्या काही मीटरांत. तिथे समुद्र हवेला उष्णता आणि बाष्प देतो, त्यावर वादळ पोसलं जातं. त्याच जागी हवा आपला वेग पाण्याला देते, लाटा उठवते, प्रवाह ओढते, आणि त्यात वादळ झिजतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर पोसणं साधारण दुप्पट होतं, झीज मात्र आठपट. म्हणजे कुठल्या तरी वेगाला दोन्ही सारखी होणार आणि वादळ त्यापुढे वाढणार नाही. केरी इमॅन्युएल या शास्त्रज्ञाने 1986 पासून हा हिशेब मांडला.

पण हिशेबात एक अडचण निघाली. ताशी 36 किलोमीटरचा वारा समुद्राच्या एका चौरस मीटरला जेमतेम 15-16 ग्रॅम वजनाइतक्या बळाने ओढतो. वारा वाढतो तशा लाटा उंचावतात, पाणी खडबडीत होतं आणि पकड आणखी घट्ट होते, हे सौम्य वाऱ्यांत मोजलेलं होतं. तोच नियम पुढे ताणला, तर अतितीव्र वादळं होऊच नयेत असं उत्तर येत होतं. वादळं तर होत होती.

2003 मध्ये मार्क पॉवेल आणि सहकाऱ्यांनी अटलांटिकसारख्या समुद्रांवरच्या वादळांमधली मोजमापं एकत्र केली. विमानातून छोट्या पॅराशूटला बांधून सोडलेली यंत्रं खाली पडता पडता सेकंदाला दोनदा वारा नोंदवत होती, तशा तीनशेहून जास्त नोंदी. त्यांत दिसलं की ताशी सुमारे 120 किलोमीटरनंतर पकड वाढायची थांबते. पुढच्याच वर्षी प्रयोगशाळेतल्या लाटांच्या टाकीतही जवळपास त्याच वेगाला तेच आढळलं. एवढ्या वाऱ्यात लाटांची डोकी फाटतात, समुद्रावर फेसाचे पांढरे पट्टे ओढले जातात, आणि हवा लाटांच्या घळींत न उतरता वरून निसटते. यातल्या कशाचा वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे. मला या विषयाने धरून ठेवलं ते इथेच.

आता उष्णतेची बाजू. हिच्यासाठी आपल्याकडचा कूलर आठवा. मे महिन्यात भुसावळला कूलर लावला की हवा गार होते, पण उष्णता कुठे जात नाही. ती बाष्पात दडून त्याच खोलीत राहते. वादळात उडालेला तुषार हवेतच पूर्ण सुकला, तर तसंच होतं : हवा थोडी गार, थोडी दमट, वादळाच्या पदरात नवं काही नाही. खरी गंमत मोठ्या थेंबांची. असा थेंब समुद्राची ऊब घेऊन उडतो, सेकंदाच्या आत गार होतो आणि पुरता सुकायच्या आधीच परत पाण्यात पडतो. सुकायला त्याला कित्येक मिनिटं लागली असती. जाताना जितका उबदार होता त्यापेक्षा गार होऊन परतला, म्हणजे मधली उष्णता हवेला मिळाली. असे थेंब किती, केवढे आणि किती उंच उडतात, हे भर वादळात कोण मोजणार? 2003 मध्ये फेबियन आणि इसाबेल या वादळांत विमानं अगदी खालून उडवून बाष्पाची देवाणघेवाण मोजली गेली. वारा वाढला म्हणून तिचा गुणांक, म्हणजे वाऱ्याच्या प्रमाणात बाष्प उचललं जाण्याचा दर, फारसा वाढलेला दिसला नाही. पण विमानं जाऊ शकली तेवढ्याच वाऱ्यांतलं हे मोजमाप होतं. त्यापलीकडच्या वाऱ्यात तुषार काय करतो, हे अजून अंदाजावरच आहे.

त्यात समुद्र काही स्वस्थ बसलेला नसतो. वाऱ्याने ढवळून खालचं गार पाणी वर आणलं की वादळाचं पोषणच तुटतं. 2017 च्या डिसेंबरात ओखी वादळ गुजरातच्या किनाऱ्याकडे येता येता विरलं, त्यात थंड पाण्याचाही वाटा होता. उलट 2021 च्या मे महिन्यात तौक्तेला तापलेला अरबी समुद्र मिळाला आणि ते झपाट्याने वाढलं.

एक गोष्ट मात्र केळीवाल्यांना मी आवर्जून सांगतो. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला ताशी 110-120 किलोमीटरच्या वाऱ्यानिशी रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि जमिनीवर येताच, समुद्राचा पुरवठा तुटून, ओसरत गेलं. खानदेशातल्या बागा बहुतेक वेळा झोपतात त्या इथल्याच वळवाच्या ढगांमुळे. ढगातून सुटलेला पाऊस खालच्या कोरड्या, तापलेल्या हवेत सुकतो, हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, आणि सरींच्या आधी धुळीचा लोट घेऊन शिवारात शिरते. खालची हवा जितकी कोरडी, तितका हा झोत जोरकस. म्हणून चक्रीवादळाच्या बातमीत खानदेशाचं नाव नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नका. वारा अडवणाऱ्या, बांधावरच्या शेवरीची आणि घडाच्या टेकूंची सोय एप्रिलमध्येच करा, आणि त्या दिवसाचा जिल्ह्याचा वादळी पावसाचा इशारा वेगळा पाहा.

समुद्रावरच्या जोराचे आकडे सुधारायचे तर त्या फेसात यंत्र उतरवावंच लागेल. 2021 च्या सप्टेंबरात अमेरिकेची माणसाविना चालणारी एक शिडाची नौका अटलांटिकमधल्या सॅम या वादळात शिरली आणि 15 मीटरच्या लाटांमधून मोजमापं पाठवत राहिली. अशा नौका मे महिन्यात अरबी समुद्रात फिरायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं. तोवर हवामान खात्याच्या पत्रकातला वाऱ्याचा आकडा दर काही तासांनी बदलेल, आणि शेवटचं पत्रक आधीच्यापेक्षा जास्त विश्वासाचं असेल.