फातोर्ड्याच्या पार्किंगमध्ये ऐकलेले तीन गोल

सोळा वर्षं टुरिस्ट गाडी चालवतोय. लग्नं, शिर्डी, गणपतीतलं कोकण, सगळी भाडी केली, पण २४ एप्रिल २०२४ ची मडगावची ट्रिप अजून डोक्यातून जात नाही. पार्टी मुंबई सिटी या फुटबॉल टीमच्या फॅन्सची होती, दादरहून सतरा सीटर ट्रॅव्हलर. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगची सेमीफायनल, त्यातल्या दोन मॅचपैकी पहिली लेग एफसी गोवाच्या घरच्या मैदानावर, मडगावातल्याच फातोर्ड्याला.

मी गोव्याला पुणे-कोल्हापूर-आजरा-आंबोली असाच जातो. किलोमीटर थोडे जास्त पडतात, पण मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ पासून चालूच आहे आणि त्या रस्त्याने एक फेरी मारली की गाडीच्या स्प्रिंगचे पाटे बोलायला लागतात, त्याचा खर्च पार्टी देत नाही. पोरं ड्रम कॅरिअरवर बांधा म्हणत होती, मी नाही बांधू दिले. एप्रिलच्या उन्हात कातडं ताणून बसतं आणि पहिल्याच दणक्याला फाटतं, आमच्या घरात ढोल आहे म्हणून हे माहीत. शेवटच्या सीटवर दोन माणसांच्या जागी ड्रमच बसवले.

गेटवर नाणी आत नेऊ देत नाहीत, कोणी मैदानात भिरकावू नयेत म्हणून. ते माहीत असल्यामुळे मी आधीच सगळ्यांची सुट्टी चिल्लर चहाच्या स्टीलच्या पेल्यात जमा केली आणि पेला डॅशबोर्डवर ठेवला.

आणि मग एक गोष्ट मी सगळ्यांना बजावून सांगितली. पाहुण्या फॅन्सना मॅच संपल्यावर लगेच सोडत नाहीत, घरचा पब्लिक पांगला की मगच बाहेर काढतात, त्यात अर्धा तास सहज जातो. मला आंबोली घाट रात्री एकच्या आत चढायचा होता, कारण तीन ते पाच ही वेळ ड्रायव्हरची वैरी असते. म्हणून म्हटलं, हरतोय असं दिसलं तर पंच्याऐंशीव्या मिनिटाला निघून या. पोरांनी मान हलवली आणि विसरून गेली. ऐकलं फक्त एका काकांनी. मुंबईत कूपरेजच्या मैदानावर महिंद्राच्या फुटबॉल मॅच बघत मोठा झालेला माणूस, महिंद्राची टीम २०१० ला बंद झाल्यावर मैदानात जाणंच सोडलं होतं, मुंबई सिटीने परत नाद लावला. आपल्या टीममागे दुसऱ्या गावी यायची त्यांची ही पहिलीच वेळ.

नऊ वाजून गेले होते, काका एकटेच चालत आले. "दोन-शून्य झालंय हो दादा, आता काय राहिलं." पेल्यातली आपली नाणी वेचत उभे होते आणि तेवढ्यात स्टेडियम गप्प झालं.

दोन तास नुसता कल्लोळ चालला होता तिथे, त्यामुळे ती शांतता कानाला टोचली. मग लांबच्या एका कोपऱ्यातून ड्रम, आमचेच. काकांचा हात पेल्यातच थांबला. मोबाईलला रेंज नाही, म्हणाले एक फिटला वाटतं. ते बोलतायत तोवर परत तसंच, शांतता आणि ड्रम. काका गेटकडे धावले, नाणी खाली पडली ती तशीच. गेटवरच्या माणसाने आत घेतलं नाही, एकदा बाहेर पडलं की तिकीट संपलं, नियमच आहे तो. परत आले आणि गाडीच्या दाराला धरून उभे राहिले. तिसऱ्या वेळी ड्रम थांबेचनात.

नव्वदाव्या मिनिटाला छांगते, पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप, शहाण्णवाव्याला परत छांगते. ३-२. पोरांनी गाडीत बसल्यावर सांगितलं, एकेक गोल दहा-दहा वेळा. घसे बसलेले, दोघं रडत होते.

काका पुढे माझ्या बाजूला बसले. ते शेवटपर्यंत थांबले असते तरी गाडी त्याच वेळेला निघणार होती, कारण बाकीचे चौदा जण आतच अडकले होते. घाट चढलो तेव्हा दीड वाजून गेला होता आणि काहीही झालं नाही. ड्रायव्हर म्हणून मी चुकीचं बोललो नव्हतो असं मला अजूनही वाटतं, पण मॅच बघायला सहाशे किलोमीटर आलेल्या माणसाला मी तसं सांगायला नको होतं.

सकाळी दादरला उतरताना मी माफी मागितली. काका म्हणाले, "तुम्ही सांगितलं नसतंत तरी मी आलोच असतो, गुडघे दुखत होते."

गेटपर्यंत ते कसे धावले ते मी बघितलंय.