तुम्ही विचारलंत म्हणून: रुग्णालयाला मान्यता आहे, एवढं पुरे का?

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया ठरली की हा प्रश्न हमखास येतो. एवढं पुरे नाही. पण मान्यता कशाच्या आधारावर मिळते ते कळलं, तर पुढे काय विचारायचं ते सुचतं.

अमेरिकेतली व्यवस्था पाहू. तिथे सर्जनांच्या दोन संघटनांच्या वेगवेगळ्या मान्यता होत्या. 2012 मध्ये त्या एकत्र येऊन 'एमबीएसएक्यूआयपी' हा वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रांना मान्यता देणारा कार्यक्रम झाला. पूर्ण दर्जाच्या केंद्रात स्टेपलर (पोट कापून तिथेच टाके घालणारं उपकरण) वापरून केलेल्या किमान 50 शस्त्रक्रिया वर्षाला व्हाव्या लागतात. ऑपरेशनचं टेबल, व्हीलचेअर, स्कॅनर किती वजन पेलतात हेही बघतात. कमोडसुद्धा: भिंतीला टांगलेला जड माणसाखाली निखळू शकतो, म्हणून जमिनीवर बसवलेला हवा.

हे सगळं डोळ्यांना दिसतं, म्हणून लोक तिथेच थांबतात. आमच्या मते खरा कणा नोंदींचा आहे. निवडक नव्हे, प्रत्येक रुग्णाची नोंद होते, आणि ती करणारी प्रशिक्षित व्यक्ती त्या रुग्णाच्या उपचारात नसते. पहिल्या 30 दिवसांत टाक्यांतून गळती झाली का, रक्ताची गुठळी झाली का, पुन्हा ऑपरेशन किंवा दाखल करावं लागलं का, हे विचारलं जातं. मग सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी. रुग्ण मुळात किती आजारी होते ते हिशेबात धरून केंद्रांची तुलना होते.

पण मोजून काही बदललं नाही तर मोजणी वाया. रुग्ण परत दाखल होण्याची मोठी कारणं मळमळ, उलट्या आणि शरीरातलं पाणी कमी होणं ही निघाली. पोट लहान झालेलं, सूज असते. एका वेळी दोन-चार घोटच जातात आणि दिवसाचं पाणी पुरं होत नाही. यावर 2015 मध्ये अनेक रुग्णालयांनी मिळून उपाय केले: ऑपरेशनआधी नीट समजावणं, घरी गेल्यावर लगेच फोन, आहारतज्ज्ञाची भेट, आणि गरज पडली तर दाखल न होता सलाईन घेण्याची सोय. साध्या गोष्टी, पण त्या आपोआप घडत नाहीत.

सलाईनबद्दल एक सांगायलाच हवं. बरेच दिवस उलट्या होत असलेल्या रुग्णाला थायमिन (जीवनसत्त्व बी-1) न देता आधी ग्लुकोज चढवलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे तातडीच्या विभागातल्या प्रत्येकाला माहीत आहे का, तेही विचारा.

आणि मुख्य प्रश्न: मागच्या वर्षी 30 दिवसांत किती जण परत दाखल झाले, कशामुळे, आणि त्यानंतर तुम्ही काय बदललं? 'एकही नाही' असं उत्तर आलं, तर दुसऱ्या रुग्णालयात दाखल झालेले त्यात धरले आहेत का, ते विचारा.