पिस्तुलासाठी पावडर निवडताना: आधी पुंगळी किती भरते ते पाहा

पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची काडतुसं स्वतः भरणाऱ्यांच्या गप्पांत पावडरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ‘जलद की संथ?’ हाच असतो. ज्वलनवेगाचा तक्ता समोर धरायचा, मधली एखादी पावडर उचलायची आणि कामाला लागायचं. मी तो तक्ता सर्वांत शेवटी पाहतो. पिस्तुलाच्या बाबतीत मला आधी हवं असतं ते हे: ठरलेला भार (एका काडतुसात टाकायची पावडर) पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्यात, किती जागा व्यापतो, आणि ती पावडर मेजरमधून, म्हणजे पावडर मापून टाकणाऱ्या यंत्रातून, दर वेळी सारखी पडते का. या दोन गोष्टी जमल्या नाहीत तर बाकीचे गुण माझ्या फारसे उपयोगाचे नाहीत. (काडतूस भरण्याचे आणि पावडर बाळगण्याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत; पुढचं सगळं परवाना हातात आहे असं धरूनच.)

निवडीची सुरुवात पावडरपासून होत नाही. आधी काडतूस, मग गोळीचं वजन आणि जात, मग काम. कागदावरच्या निशाण्यासाठी मऊ भार हवा, की आयपीएससीसारख्या नेमबाजी स्पर्धेचा पॉवर फॅक्टर गाठायचा आहे? पॉवर फॅक्टर म्हणजे गोळीचं ग्रेनमधलं (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) वजन गुणिले फूट प्रतिसेकंद वेग, भागिले १०००. मायनर, म्हणजे खालच्या गटाला, किमान १२५ लागतो. स्पर्धेच्या दिवशीची हवा आणि वेगळा क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) यांची सोय म्हणून मी १३० धरतो. १२४ ग्रेनच्या गोळीला त्यासाठी सुमारे १०५० फूट प्रतिसेकंद लागतात, १४७ ग्रेनच्या गोळीला ८८५. हा आकडा कागदावर उतरला की निम्म्या पावडरी आपोआप गळतात.

मग मॅन्युअल, म्हणजे भारांचे तक्ते असलेलं पुस्तक. एक नाही, निदान दोन: पावडर बनवणाऱ्याचं आणि गोळी बनवणाऱ्याचं. दोन्हींतले आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, कारण चाचणीची नळी, पुंगळी, प्रायमर (पुंगळीच्या तळाची, पावडर पेटवणारी टोपी) आणि काडतुसाची एकूण लांबी वेगळी असते. मी दोघांतला कमी आकडा सुरुवातीचा धरतो. फक्त कमाल भार दिला असेल तर त्यातून १० टक्के वजा. ऐकीव भार, मग तो कितीही अनुभवी माणसाचा असो, वहीत उतरत नाही.

आता जागेचा मुद्दा. .३८ स्पेशलची पुंगळी काळ्या दारूच्या काळातली आहे. तिच्यात २१ ग्रेनच्या आसपास काळी दारू मावत असे. आज त्याच पुंगळीत निशाण्याच्या सौम्य भारासाठी जलद पावडर जेमतेम तीन-चार ग्रेन पडते. ती तळाशी बसते आणि वर सगळी पोकळी. यात दुप्पट भार सहज मावतो, कधी तिप्पटही, आणि गोळी बसवताना हाताला काहीच जाणवत नाही. .३८ स्पेशलची दाबाची मर्यादा १७,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. पावडर जितक्या जास्त दाबात जळते तितकी अधिक वेगाने जळते, म्हणून दुप्पट भाराचा दाब दुप्पटीवर थांबत नाही. सिलिंडर फाटतो, त्याच्या वरची चौकटीची पट्टी उचकटते.

म्हणून रिव्हॉल्व्हरसाठी मी फुगीर पावडर निवडतो, म्हणजे कमी वजनात जास्त जागा घेणारी. युनिकसारखी मोठ्या चकत्यांची पावडर चालते. ट्रेल बॉसचे दाणे तर मधे भोक असलेल्या कड्यांसारखे आहेत, खास जुन्या मोठ्या पुंगळ्या आणि शिशाच्या सौम्य भारांसाठी केलेले. अशा पावडरचा दुप्पट भार काठाशी येतो किंवा बाहेर सांडतो, आणि डोळ्याला दिसतो. उलट टाइटग्रुप घट्ट, कमी जागेची. काटकसरी आहे, मोठ्या पुंगळीतही समान पेटते, पण दुप्पट भार लपवते. ती वाईट नाही. ती वापरणाऱ्याने प्रत्येक पुंगळीत डोकावलंच पाहिजे, एवढंच.

पोकळीचा दुसरा त्रास म्हणजे पावडर कुठे बसली आहे यावर वेग बदलणं. हे तपासणं सोपं आहे. सुरक्षित दिशेलाच, नळी आधी वर करून पावडर प्रायमरकडे सरकवायची, मग सावकाश निशाण्यावर आणून बार काढायचा. दुसऱ्या वेळी नळी खाली झुकवून पावडर गोळीकडे न्यायची आणि तसंच. पाच-पाच बारांच्या सरासरीत मोठा फरक आला तर ती पावडर त्या पुंगळीसाठी मी ठेवत नाही.

९ मिमीचं गणित उलटं. पुंगळी लहान, मर्यादा ३५,००० पीएसआय. इथे मध्यम वेगाची पावडर पुंगळी बरीचशी भरते आणि दुप्पट भार बहुधा ओसंडतो. पण फार फुगीर पावडर घेतली तर प्रोग्रेसिव्ह प्रेसची (एकामागून एक टप्पे करणाऱ्या भरणयंत्राची) थाळी झटक्याने फिरताना दाणे उडतात, प्लेटखाली जातात, आणि तुम्ही तोललेला भार पुंगळीत उरत नाही. शिवाय लहान पुंगळीत गोळी किती खोल बसली याला फार महत्त्व आहे. गोळी अर्धा-पाऊण मिलिमीटर जास्त आत गेली तरी दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. क्रिंप (पुंगळीच्या तोंडाची गोळीवरची पकड) सैल असेल तर मॅगझिनमधून वर येताना चेंबरकडे जाणाऱ्या उतारावर आपटून गोळी आत सरकते, म्हणून काही काडतुसं चेंबरमधून फिरवून कॅलिपरने पुन्हा मोजतो.

मेजरमधून पडण्याची परीक्षा मी पहिली गोळी भरण्याआधीच घेतो. मेजर आकारमानाने मोजतो, वजनाने नाही. हॉपर (मेजरवरचं पावडरचं भांडं) भरून काही भार टाकून परत हॉपरमध्ये ओततो, म्हणजे पावडर नीट बसते. मग १० भार एकत्र तोलून १० ने भागतो. नंतर २० भार एकेक तोलतो. सरासरी चांगली येऊनही एकेक भार भटकू शकतात, आणि काडतुसाला सरासरी कळत नाही. ४ ग्रेनच्या भारात ०.१ ग्रेन म्हणजे अडीच टक्के. एचपी-३८ सारखी गोल, चपटलेल्या दाण्यांची पावडर इथे पाण्यासारखी वाहते. मोठ्या चकत्या मात्र नळीत एकमेकींवर अडकून पूल बांधतात: एका पुंगळीत अर्धा भार, पुढचीत दीड. एकीत फुसका बार, दुसरीत जादा दाब, आणि दोन्ही एकाच खोक्यात. हॉपरमध्ये बॅफल (वरच्या पावडरचा भार पेलणारी पट्टी) असावा, पावडर एक तृतीयांशाखाली जाऊ देऊ नये, आणि मूठ दर वेळी सारख्याच जोराने ओढावी. फनेलला चकत्या चिकटत असतील तर तो स्थिर विजेचा खेळ आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याला गरम व्हायला वेळ द्या, पंखा बंद करा, आणि प्रमाणित वजनाने सुरुवातीला व मधेमधे तपासा.

काडतूस तयार झाल्यावर ते तोलून दुप्पट भार पकडता येईल, हा भ्रम आहे. मिश्र छापाच्या ९ मिमी पुंगळ्यांच्या वजनात आपसात कित्येक ग्रेनचा फरक असतो, त्यात चार ग्रेन पावडर हरवून जाते. ५० पुंगळ्या ब्लॉकमध्ये उभ्या करून तिरप्या उजेडात पातळी पाहणं, गोळी बसण्याआधी, हाच उपाय.

संथ पावडरीबद्दल थोडक्यात. .३५७ मॅग्नमला पूर्ण ताकद हवी असेल तर एच११० किंवा डब्ल्यू२९६ (दोन्ही एकच पावडर, डबा वेगळा) उत्तम. पण ही कमी भारात चालवायची पावडर नाही. उत्पादक ३ टक्क्यांहून जास्त कमी करू नका असं सांगतो. कमी केली की पेटणं अर्धवट होतं आणि गोळी नळीत अडकू शकते. मॅग्नम प्रायमर आणि घट्ट क्रिंप लागतो. सौम्य भार हवा असेल तर पावडरच बदला.

मैदानावर सुरुवातीच्या भारापासून ०.१ ग्रेनच्या पायऱ्यांनी चढतो, प्रत्येक पायरीला किमान १० बार, क्रोनोग्राफवर. प्रायमर चपटा झाला का, हे पाहून दाब ओळखता येतो असं पुष्कळ जण मानतात. पिस्तुलात हा भरवसा धोक्याचा आहे. .४५ एसीपीची मर्यादा २१,००० पीएसआय. ती कितीतरी ओलांडली तरी प्रायमर शांत दिसतो. मी वेगावर लक्ष ठेवतो. नळीच्या लांबीचा हिशोब धरूनही मॅन्युअलच्या कमाल वेगाला मी आधीच पोचलो असेन, तर माझा दाबही तिथेच पोचला आहे. काट्यावर कितीही कमी दिसो, थांबायचं.

उलट दिशेची लक्षणं मात्र स्पष्ट दिसतात. पुंगळीची बाहेरची बाजू काजळीने काळी झाली तर दाब कमी पडून पुंगळी चेंबरच्या भिंतीला चिकटत नाही. नळीत न जळलेले दाणे राहतात. रिव्हॉल्व्हरमध्ये हे दाणे पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली अडकतात आणि सिलिंडर बंद होईना, फिरेना असं होतं. अशा वेळी पावडरला ‘घाणेरडी’ म्हणण्याआधी मर्यादेत राहून भार थोडा वाढवून किंवा क्रिंप किंचित घट्ट करून पाहा. बहुतेक पावडरी आपल्या नेमक्या दाबात आल्या की स्वच्छ जळतात. शिशाच्या गोळीचा धूर तर पुष्कळदा पावडरचा नसून गोळीवरच्या मेणा-वंगणाचा असतो.

आता धक्क्याबद्दल. एकाच पॉवर फॅक्टरला जड गोळी आणि जलद पावडर मऊ वाटते, कारण पावडरचं वस्तुमान कमी आणि नळीच्या तोंडाशी वायूचा दाबही कमी. कॉम्पेन्सेटर (वायू वर सोडून नळीची उसळी कमी करणारा भाग) लावलेल्या पिस्तुलाला मात्र वायूच हवा असतो. तिथे संथ पावडरचा मोठा भार काम करतो. आणि नळी आखूड म्हणून जलद पावडरच जास्त वेग देईल, असं सहसा होत नाही. लांब नळीत जी सर्वाधिक वेग देते तीच आखूड नळीतही बहुधा पुढे असते, फक्त ज्वाला मोठी दिसते.

बार फुसका वाटला, आवाज दबला, धक्का जाणवला नाही: हात थांबला पाहिजे. पिस्तूल रिकामं करून नळीतून दांडी फिरवून पाहायची. अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी गेली की नळी फुगते किंवा फुटते.

निवड झाली की टेबलावर एकच डबा. काम संपलं की हॉपरमधली पावडर मूळ डब्यात परत, कारण नायट्रोग्लिसरीन असलेल्या पावडरी प्लास्टिक डागाळतात आणि दोन दिवसांनी हॉपरमध्ये काय आहे हे लेबलाशिवाय कळत नाही. डबा थंड, कोरड्या जागी. आंबट, झोंबणारा वास किंवा तांबूस धूळ दिसली तर पावडर खराब झाली. ती वापरायची नाही. आणि नवा डबा उघडताना लॉट नंबर वहीत लिहायचा, जुन्या डब्यातली उरलेली पावडर त्यात मिसळायची नाही, सुरुवातीच्या भारावर परत यायचं आणि पुन्हा क्रोनोग्राफसमोर उभं राहायचं.