नवी कोंबडी घरात आणल्यावर: उवा, माइट, जंत आणि पहिले ३० दिवस

नवी कोंबडी घरात आली की पहिल्या दिवशी औषध पाजायचं नाही. आधी तिला वेगळं ठेवायचं, पाणी द्यायचं आणि वजन करून लिहून ठेवायचं. आठवडी बाजारातून आलेली कोंबडी बहुतेक वेळा पाय बांधून, उलटी धरून, तासन्‌तास तहानलेली आलेली असते. अशा अवस्थेत जंताचं औषध दिलं तर औषधाचा ताण तिला झेपत नाही आणि दोष मात्र औषधाच्या नावावर जातो. पहिले दोन दिवस शांत, अंधूक कोपरा, भिजवलेली कणी आणि स्वच्छ पाणी पुरे. पहिल्या दिवशी माणसांच्या ओआरएसची एक लिटरची पुडी दोन लिटर पाण्यात विरघळवून ते पाणी ठेवा, दुसऱ्या दिवसापासून साधं पाणी. पायाला बांधलेल्या दोरीचा वळ आहे का, तळव्याला काळी खपली आणि सूज आहे का, तेही याच वेळी पाहून घ्या.

घरात आधीच्या कोंबड्या असतील तर नवीला निदान ३० दिवस दुसऱ्या खोलीत ठेवा. एकाच पडवीत मधे जाळी लावली म्हणजे वेगळं ठेवलं असं होत नाही, कारण धूळ, पिसं आणि माइट (डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक किडे) जाळीतून सहज जातात. भांडी वेगळी, चपला वेगळ्या, आणि रोजचं काम आधी जुन्या कोंबड्यांचं, मग नवीचं. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लक्षणं दिसायला दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. म्हणून आठवडाभर कोंबडी ठणठणीत दिसली एवढ्यावरून तिला बाकीच्यांत सोडू नका.

वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर, टोपलीसकट घेऊन टोपलीचं वजन वजा करा. देशी कोंबडी साधारण १ ते १.५ किलोची असते. गिरिराज, वनराज या सुधारित जाती त्याहून जड. दर दोन-तीन दिवसांनी त्याच वेळी वजन घ्या. वजन उतरत असेल तर कोंबडी खाताना दिसली तरी आत काहीतरी बिघडलंय. छातीचं मधलं हाड बोटांना धारदार लागलं तर ती बरेच दिवस झिजते आहे. रात्री गळ्याखालची अन्नाची पिशवी भरलेली आणि पहाटे रिकामी असायला हवी. पहाटेही ती भरलेली, मऊ आणि आंबूस वासाची असेल तर खाणं पुढे सरकत नाहीये.

अंगावरचे किडे पाहायचे ते रात्री, टॉर्च घेऊन. एकाने कोंबडी धरावी, दुसऱ्याने शेपटीखालची, मांडीची आणि पंखाखालची पिसं उलटी फिरवून कातडीपर्यंत पाहावं. उवा पिवळसर, दोन-तीन मिलिमीटर लांब, उजेड पडला की पळतात. त्यांच्या लिखा पिसाच्या बुडाशी रव्याचा गोळा चिकटावा तशा दिसतात. शेपटीखालची पिसं काळपट, मळकट झाली असतील आणि तुमच्या मनगटावर काहीतरी बारीक चालत असेल तर ते माइट. लाल माइट मात्र दिवसा अंगावर सापडतच नाहीत. ते फटीत राहतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. त्यांच्यासाठी अंधार पडल्यावर दोन तासांनी बसायच्या दांड्याच्या खालच्या बाजूने पांढरा टिश्यू पेपर घासून पाहा. लाल-तपकिरी डाग उमटला की खात्री झाली. घरातल्या माणसांना रात्री खाज सुटते, डास तर दिसत नाहीत, अशा वेळीही आधी खुराडं तपासा.

कोंबडीची गोचीडही अशीच. तिची पिल्लं पंखाखाली काळपट ठिपक्यांसारखी काही दिवस चिकटून राहतात, मोठी गोचीड मात्र रात्री थोडा वेळ चावून पुन्हा फटीत जाते. ती बिनअन्नाची कित्येक महिने जगते. तिच्यातून होणाऱ्या एका तापात हिरवी हगवण लागते, कोंबडी मान टाकते आणि चटकन दगावते. लवकर कळलं तर डॉक्टरच्या पेनिसिलीनने हा आजार बरा होतो. म्हणून गोचीड सापडली आणि कोंबडी सुस्त आहे, असं झालं तर थांबू नका.

उपचारात बहुतेकांचं चुकतं ते वेळेत. पावडर आज जिवंत असलेल्या उवा मारते, लिखा मारत नाही. लिखा चार ते सात दिवसांत फुटतात. त्यामुळे एकदा पावडर लावली की पुन्हा सात ते दहा दिवसांनी, आणि तेवढ्याच अंतराने तिसऱ्यांदा लावावीच लागते. पहिल्या वेळेला कोंबडी साफ दिसली म्हणून थांबलात तर तीन आठवड्यांनी तेवढ्याच उवा परत दिसतील. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पक्ष्यांसाठी म्हणून मिळणारी परमेथ्रिन किंवा पायरेथ्रिनची पावडर शेपटीखाली, मांड्यांत, पंखांखाली आणि मानेच्या मागे बोटांनी कातडीपर्यंत चोळा. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल तेच. डोळे आणि चोच सोडून. हे काम खिडकी बंद असलेल्या खोलीत करू नका, आणि घरात मांजर असेल तर तिला पूर्ण लांब ठेवा, परमेथ्रिन मांजरासाठी विष आहे. फवारणीचं पाणी किंवा धुतलेल्या पिंजऱ्याचं पाणी विहिरीच्या वा पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) दिशेने जाऊ देऊ नका, मासे आणि खेकडे मरतात. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं फिप्रोनिल अंडी देणाऱ्या कोंबडीला कधीच नको. आणि आंब्याच्या मोहोरावर तुडतुड्यांसाठी आणलेलं कीटकनाशक घरात शिल्लक आहे म्हणून तेच पातळ करून कोंबडीला लावणं तर मुळीच नको. ते झाडासाठी आहे, त्याने कोंबडी मरते आणि अंड्यातून विष आपल्या पोटात येतं.

आयव्हरमेक्टिन या जंत-किड्यांच्या औषधाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ते सर्रास मागितलं जातं. नेहमीचा डोस किलोला ०.२ मिलिग्रॅम धरतात. दुकानात मिळणारं एक टक्क्याचं इंजेक्शन म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. दीड किलोच्या कोंबडीला लागतं ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ मिलिलिटर. एवढं साध्या सिरिंजने मोजताच येत नाही. "अर्धा मिलि दिलं" असं कोणी सांगितलं तर ते सोळा-सतरापट झालं. हे औषध डॉक्टरकडून, पातळ करून, मोजूनच द्यायचं, आणि अंडी किती दिवस खायची नाहीत तेही त्यांनाच विचारायचं.

कोंबडीवर पावडर आणि खुराडं तसंच, याला उपचार म्हणत नाहीत. जुनी बांबूची झाप किंवा डालगं असेल तर त्याच्या विणीत माइट, गोचीड घट्ट बसलेले असतात. ते जाळून टाकणं सगळ्यात खात्रीचं. घरात ठेवायला तारेचा पिंजरा किंवा प्लॅस्टिकचा क्रेट बरा, कारण त्याला फटी कमी. दांडा काढता येईल असा ठेवा आणि त्याची दोन्ही टोकं उकळत्या पाण्याने धुवा, माइट तिथेच दाटतात. जांभ्या चिऱ्याची गिलावा नसलेली भिंत असेल तर पिंजरा भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. चिऱ्याच्या भोकांत लपलेल्या किड्यांपर्यंत कुठलीही फवारणी पोचत नाही. दर साफसफाई अंगावरच्या पावडरीच्याच दिवशी करा.

धूळ-अंघोळ हवीच. एका घमेल्यात वीतभर कोरडी बारीक माती, त्यात चौथा भाग चाळलेली लाकडाची राख, आणि दहा भागांना अर्धा भाग गंधकाची पूड. राख ओली झाली की कातडी जाळते, म्हणून पावसाळ्यात घमेलं झाकून ठेवा आणि ओल आली की सगळं बदला. घरात कोणाला दमा असेल तर घमेलं पडवीतच ठेवावं.

पायाची खवलं उचललेली, पांढरट आणि जाड दिसली तर तेही माइटच, फक्त ते खवल्यांखाली राहतात. कोमट साबणपाण्यात पाय दहा मिनिटं बुडवा, मऊ ब्रशने सुटलेलंच तेवढं काढा, ओढून काढू नका, रक्त येतं. पुसून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन भरपूर लावा. हे दोन-तीन दिवसांआड, निदान महिनाभर. पायांना रॉकेल लावायची जुनी सवय सोडून द्या, त्याने कातडी भाजते.

आता जमीन. कोकणात जून ते सप्टेंबर घरात ठेवलेल्या कोंबड्यांचे बरेच आजार खाली अंथरलेल्या ओल्या गादीतून येतात. रक्ती हगवणीच्या जंतूंची अंडी विष्ठेतून पडतात आणि ऊब व ओल मिळाली की एक-दोन दिवसांत रोग लावण्याजोगी होतात. फिनेलने किंवा ब्लीचिंगने ती मरत नाहीत. उकळतं पाणी आणि कडक कोरडेपणा यांनी मरतात. भाताच्या तुसाचा दोन इंची थर घाला, रोज हलवा, पाण्याच्या भांड्याखालचा ओला भाग रोजच्या रोज उचला. मूठभर तूस दाबून सोडलं आणि गोळा तसाच राहिला तर ते बदलायची वेळ झाली. कुबट वासाचा तूस किंवा पेंढा वापरू नका, बुरशीमुळे फुप्फुसाचा आजार होतो आणि त्याला औषध जवळजवळ लागू पडत नाही. पिलांना गुळगुळीत वर्तमानपत्रावर ठेवलं तर पाय फाकतात, त्यावर जुनं गोणपाट टाका.

तीन ते आठ आठवड्यांची पिलं पंख पाडून, डोळे मिटून, घोळक्याने बसली आणि विष्ठेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण, त्याच दिवशी उपचार सुरू व्हायला हवेत. अँप्रोलियम या औषधाची २० टक्क्यांची पावडर पिण्याच्या पाण्यात लिटरला १.२ ग्रॅम, तीन ते पाच दिवस, मग लिटरला ०.३ ग्रॅम आठवडा-दोन आठवडे. दुसरं कुठलंही पाणी ठेवायचं नाही, आणि रोज नवीन पाणी करायचं. चमच्याने मोजू नका, सोन्या-चांदीसारखं बारीक वजन करणारा छोटा काटा घ्या. या काळात बी-कॉम्प्लेक्स देऊ नका: हे औषध जंतूला जीवनसत्त्व बी-१ मिळू न देऊनच काम करतं, तुम्ही ते वरून दिलंत तर औषध वाया. एक लक्षात ठेवा, कोंबडी अधूनमधून चिकट, चॉकलेटी, उग्र वासाची विष्ठा टाकते, ती निरोगीच असते.

जंतांसाठी आधी विष्ठा तपासून घ्या. सकाळची ताजी विष्ठा दोन-तीन ठिकाणची चमचाभर घेऊन स्वच्छ डबीत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी पोचवा. पहिली तपासणी कोरी आली तरी निर्धास्त होऊ नका. मोठ्या गोल जंताला पोटात गेल्यापासून अंडी घालायला पाच ते आठ आठवडे लागतात, म्हणून महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तपासा. चपट्या जंताचे तुकडे विष्ठेवर पांढऱ्या तांदळासारखे हलताना दिसतात; तो मुंग्या आणि भुंगेरे खाल्ल्याने येतो, त्याचं औषध वेगळं असू शकतं.

अल्बेंडाझोल हे जंताचं औषध साधारणपणे किलोला २० मिलिग्रॅमपर्यंत देतात. इथे बाटली वाचणं महत्त्वाचं. जनावरांच्या अडीच टक्क्यांच्या बाटलीत एका मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम असतं, दहा टक्क्यांच्या बाटलीत १००, आणि माणसांच्या सिरपमध्ये बहुधा ४०. दीड किलोच्या कोंबडीला ३० मिलिग्रॅम म्हणजे अडीच टक्क्यांचं १.२ मिलिलिटर, तेच १.२ मिलिलिटर दहा टक्क्यांच्या बाटलीतून दिलं तर चौपट. तीन आठवड्यांनी दुसरा डोस. फारच खंगलेल्या कोंबडीला एकदम पूर्ण डोस दिला तर मेलेल्या जंतांचा गोळा आतड्यात अडकू शकतो, तिच्यासाठी डॉक्टरला विचारा. प्रत्येक डोसनंतर निदान १४ दिवस अंडी खाऊ नका, विकू नका. पिसं झडून नवी येत असताना फेनबेन्डाझोल हे जंताचं दुसरं औषध देऊ नका, नवी पिसं वेडीवाकडी येतात. लसूण-हळद खाद्यात घालायला हरकत नाही, पण जंत पाडायला तिच्यावर विसंबू नका.

पाजताना सुई काढलेली सिरिंज चोचीच्या कडेने आत, थोडं थोडं, प्रत्येक घोट गिळल्यावर पुढचा. श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं. जोरात पिचकारी मारली तर औषध फुप्फुसात जातं.

डोळ्याच्या कोपऱ्यात फेस, शिंका, घरघर हे दीर्घ सर्दीचं लक्षण. एका बाजूचा चेहरा सुजून घाण वास आला तर कोरायझा, हा सर्दीचाच दुसरा आजार. दोन्हींना डॉक्टरचं प्रतिजैविक लागतं आणि बरी झालेली कोंबडीही जंतू बाळगून राहू शकते, त्यामुळे जुन्या कोंबड्यांत तिला मिसळावं का हा निर्णय विचार करून घ्या. खोलीत वाकल्यावर तुमचे डोळे चुरचुरले तर अमोनिया साठला आहे, त्याने सर्दी हटत नाही. तुऱ्यावर खपल्या आल्या तर देवी. डास पसरवतात, खपल्या उपटू नका, पोव्हिडोन आयोडिन लावा आणि खिडकीला जाळी लावा.

हिरवी हगवण, मान वाकडी, धापा लागल्या तर मानमोडी, तिला औषध नाही. लासोटा लस डोळ्यात एक थेंब, पण फक्त निरोगी कोंबडीला. जंत-उवांचा उपचार होऊन ती वजन धरायला लागली की दोन-तीन आठवड्यांनी. कुपी बऱ्याच मात्रांची असते आणि विरघळवल्यावर बर्फात ठेवूनही दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या चार घरांनी एकाच दिवशी ठरवून लस आणावी.

एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या, किंवा परसात कावळे मरून पडलेले दिसले, तर हात लावू नका. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला सापडला होता आणि जानेवारी २०२१ मध्ये दापोलीतल्या मेलेल्या कावळ्यांतही तो आढळला होता. १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा आणि ते सांगतील तसं करा. इतर कारणाने मेलेली कोंबडी खाडीत किंवा पऱ्ह्यात टाकू नका. विहिरीपासून दूर, कमरेएवढ्या खड्ड्यात चुना टाकून पुरा, आणि तिचं तूस, दांडा, भांडी वेगळी काढून उकळत्या पाण्याने धुवेपर्यंत दुसऱ्या कोंबडीला देऊ नका.