डरहमची काळी रेघ

आज लेकीला घेऊन उत्तर इंग्लंडमधल्या डरहमला जाऊन आले. गाडी स्टेशनात शिरण्याआधीच उजवीडावीकडचं सगळं सोडून नजर त्या टेकडीवरच्या चर्चकडे जाते. खाली वेअर नदीचं वळण, वर दगडी मनोरे.

डरहमची काउंटी, म्हणजे जिल्हा, इतर काउंट्यांसारखी नव्हती. इथला बिशप, म्हणजे मुख्य धर्मगुरू, जवळजवळ राजाच. स्वतःची न्यायालयं, स्वतःचं नाणं, स्वतःचं सैन्य. 1836 पर्यंत ते अधिकार कागदावर तरी टिकले होते. आणि हे सारं उभं राहिलं संत कथबर्टच्या शवपेटीभोवती. समुद्रातून येणाऱ्या व्हायकिंग लुटारूंच्या भीतीने भिक्षू ती घेऊन वर्षानुवर्षं फिरले आणि 995 मध्ये इथे थांबले. आताच्या चर्चचा पाया 1093 चा.

दारावरची कडी (आताची प्रतिकृती आहे) वाजवली की गुन्हेगारालाही 37 दिवस आसरा मिळायचा. याच छताखाली 1650 मध्ये इंग्रज आणि स्कॉट यांच्यातल्या डनबारच्या लढाईतले हजारो स्कॉटिश कैदी कोंडले होते. कितीतरी जण भुकेने, आजाराने गेले. 2013 मध्ये जवळच खोदकामात त्यांच्यातल्या काहींची हाडं सापडली. ते वाचून मी बराच वेळ बाकावर बसून राहिले.

मागच्या बाजूला फरशीत एक काळ्या दगडाची रेघ आहे. मठ होता तेव्हा बायकांनी तिच्यापुढे जायचं नाही, असा नियम. गुन्हेगाराला आसरा, आणि बाईला रेघ! मला आपल्याकडचे काही गाभारे आठवले. लेक मात्र रेघ ओलांडून केव्हाच पुढे गेली होती, खांबांवरची नक्षी बोटाने गिरवत.