बाभूळ तीच, मग नाव का बदललं?

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर झाडं दाखवत फिरताना हा प्रश्न हमखास येतो, आणि तोही आरोपाच्या सुरात: "जुन्या पुस्तकात बाभूळ म्हणजे अकेशिया निलोटिका. आता तुम्ही व्हॅचेलिया निलोटिका म्हणता. तुम्हा लोकांना दुसरा उद्योग नाही का?" आहे हो. पण विचारलंतच म्हणून सांगते.

नावं बदलायची हौस कुणालाच नसते. हर्बेरियममधली, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातली, लेबलं बदलणाऱ्यांना विचारा. नियम इतकाच की एका जीनसमध्ये (नात्यातल्या जातींचा गट, नावाचा पहिला शब्द) एकाच पूर्वजाची सगळी प्रजा यावी, उपरं कुणी नको. आणि हे नुसत्या फुला-शेंगांवरून ठरत नाही, डीएनए वाचावा लागतो. त्यासाठी कोवळी पानं सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणारे खडे) झटपट वाळवायची. जून पान घेतलंत तर टॅनिन डीएनएला चिकटतं, गाळ तपकिरी येतो आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढण्याची प्रक्रिया, चालतच नाही. म्हणून डीएनए काढायच्या सीटॅबच्या द्रावणात टॅनिन धरून ठेवणारं पीव्हीपी घालतात. मग मॅट-के या क्लोरोप्लास्टमधल्या (पानातल्या हरितलवकातल्या) जीनसारखे डीएनएचे तुकडे वाचून सगळ्या जातींचे एकाखाली एक जुळवायचे. नात्यातली पण गटाबाहेरची एखादी जात सोबत हवीच, नाहीतर वंशवृक्षाचं मूळ कुठे हेच कळत नाही. शेवटी फांद्या किती भरवशाच्या ते बघायला बूटस्ट्रॅप: जुळणीतले रकाने पुन्हा पुन्हा यदृच्छेने उचलून हजार वेळा वृक्ष काढायचा. जी फांदी त्यात जेमतेम निम्म्या वेळा दिसते, तिच्या भरवशावर नाव बदलू नये. आणि क्लोरोप्लास्टचे दहा जीन म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. ते एकगठ्ठा वारशात येतात, म्हणून केंद्रकातला डीएनएही तपासावा लागतो.

असं तपासल्यावर जुन्या अकेशियाच्या तेराशेहून जास्त जाती एका घरच्या निघाल्या नाहीत. बाभूळ, हिवर, देवबाभूळ एका फांदीवर. खैर, शिकेकाई दुसरीवर. ऑस्ट्रेलियातल्या हजारभर जाती तिसरीवर, आणि त्या तर शिरीषाच्या जवळच्या. काटे बघा: बाभळीचे सरळ, पांढरट, पानाच्या बुडाशी जोडीने, म्हणजे रूपांतरित उपपर्णं (देठाच्या बुडाशी येणारी छोटी पानं). खैराचे आखूड आणि आकड्यासारखे वळलेले. ती उपपर्णं नव्हेत.

इथवर शास्त्र. पुढचं राजकारण, आणि तुमचा राग खरा तिथे हवा. जीनस फुटला की जुनं नाव त्याच्या नमुना-जातीकडे, म्हणजे ज्या जातीशी ते नाव नियमाने बांधलेलं असतं तिच्याकडे, राहतं. अकेशियाची नमुना-जात बाभूळच होती! पण 2003 साली प्रस्ताव आला की नमुना बदलून नाव ऑस्ट्रेलियन गटाला द्यावं, म्हणजे हजारभर नावं वाचतील. बाभळीच्या गटात जाती दीडशेच्या आसपास. वनस्पतींच्या नावांच्या समितीने शिफारस केली. 2005 मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये ती फेटाळायला 60 टक्के मतं लागणार होती. विरोधात पडली सुमारे 55. म्हणजे बहुमत विरोधात असूनही प्रस्ताव तगला. 2011 मध्ये पुन्हा वाद झाला, निर्णय कायम राहिला. काँग्रेस कुठे भरली होती? मेलबर्नला.

कमी नावं बदलावीत हा युक्तिवाद मीही वर्षानुवर्षं करत आले आहे. कागदावर तो पटतो. बाभळीखाली उभं राहून करताना जरा कमी पटतो. विशेषतः सोसायट्यांच्या कुंपणाशी लावलेली, विळ्यासारख्या पानांची ऑस्ट्रेलियन बाभूळ अजून दिमाखात अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस म्हणून मिरवते तेव्हा. ती पानंसुद्धा पानं नाहीत, चपटे झालेले देठ आहेत. रोपाला आधी बाभळीसारखीच पिसासारखी पानं येतात, बघून घ्या.

आणि हो, खैराच्या गटाला आता सेनेगॅलिया म्हणतात, त्यातूनही काही जाती अलीकडे वेगळ्या काढल्या आहेत. तेव्हा झाडांच्या पाट्या रंगवायला देणार असाल तर मराठी नाव पक्क्या रंगात लिहा, लॅटिन वेगळ्या पट्टीवर.